रिमोट डेस्कटॉप: ओपन सोर्स घ्यावे की विकतचे? सांगलीच्या एका अडत पेढीच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत पेढी, तासगावजवळ शीतगृह आणि कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगचे युनिट, अशा तीन ठिकाणी मिळून अकरा संगणक आहेत. टॅलीचा डेटा पेढीवरच्या एका संगणकात आहे. शीतगृहातला कारकून तिथून आणि आपण घरून त्यात काम करता. दुसऱ्या ठिकाणचा संगणक दुरून चालवू देणाऱ्या सध्याच्या विकतच्या रिमोट सॉफ्टवेअरचे नूतनीकरण दोन महिन्यांवर आले आहे. अभियांत्रिकी शिकणारा आपला पुतण्या म्हणतो की रस्टडेस्क हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले, रिमोट सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच टाकावे. आणि आपले सीए म्हणतात की पैशांचे हिशेब असलेल्या संगणकावर फुकटचे सॉफ्टवेअर नको. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या गोष्टीवर हा निर्णय खरोखर अवलंबून आहे ती दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही. मधला सर्व्हर कोणाच्या ताब्यात राहणार आणि त्याची निगा कोण राखणार, ही ती गोष्ट होय.

मधला सर्व्हर लागतोच कशाला, हे आधी पाहू. आपल्या भागात घरगुती किंवा दुकानाचे ब्रॉडबँड घेतले की बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा क्रमांक, मिळत नाही. सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवते. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर आपण अशाच सामायिक पत्त्याआड आहात असे समजावे. अशा जोडणीवर बाहेरून थेट आत येता येत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची क्रमांकित वाट, उघडूनही उपयोग होत नाही. म्हणून दोन्ही संगणक आपापल्या बाजूने तिसऱ्या सर्व्हरशी संपर्क साधतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्याचे जे स्थान असते, तेच या सर्व्हरचे आहे. गाठ पडल्यावर दोन्ही संगणक थेट बोलू लागले तर उत्तम. ते जमले नाही तर सगळा मजकूर त्या सर्व्हरवरूनच जातो, त्याला रिले म्हणतात. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्व्हर कंपनीचे असतात. रस्टडेस्क कंपनीचा सार्वजनिक सर्व्हर वापरूनही चालते आणि आपला स्वतःचा सर्व्हर उभारूनही चालते. पुतण्याने यांपैकी नेमके काय सुचवले आहे, हे आधी त्याला विचारावे, कारण दोन्हींमध्ये फार मोठा फरक आहे. पेढीच्या कामासाठी सार्वजनिक सर्व्हरवर विसंबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. तो चालू राहील याची कोणी आपल्याला लेखी हमी दिलेली नाही.

या क्षेत्रात ओपन सोर्स काही नवखे नाही. व्हीएनसी हे दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवण्याचे तंत्र केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९९८ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झाले. टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, टायगरव्हीएनसी ही सगळी त्याच घराण्यातली. विंडोजमधले मायक्रोसॉफ्टचे आरडीपी हे रिमोट तंत्रही त्याच सुमाराचे. टीमव्ह्यूअर २००५ मध्ये आणि एनीडेस्क २०१४ मध्ये जर्मनीत सुरू झाले. तेव्हा ‘फुकटचे म्हणजे कच्चे’ हा समज सोडून द्यावा. मात्र जुने म्हणजे पक्के, असेही नाही. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरे धरली जातात आणि पडद्यावरचा मजकूर कोणत्याही कूटबंधनाशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) जातो. आजही एखादा तंत्रज्ञ टाइटव्हीएनसी टाकून इंटरनेटवर ५९०० क्रमांकाचे पोर्ट उघडून देतो आणि काम झाले असे सांगतो, तेव्हा ते काम झालेले नसते.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण पैसे नेमके कशाचे देतो? पडदा दाखवण्याचे तंत्र आता दोन्हीकडे जवळपास सारखे आहे. टॅलीसारख्या स्थिर पडद्याला तर कोणतेही चांगले सॉफ्टवेअर पुरते. पैसे दिले जातात ते मधल्या सर्व्हरच्या जाळ्याचे, त्यावरच्या सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर होण्याचे, कोण केव्हा कोणत्या संगणकावर आला याच्या नोंदींचे, आणि अडचण आल्यावर दाद मागायला कोणीतरी असण्याचे. हे मोल खरे आहे. त्या बदल्यात वार्षिक वर्गणी, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या वर्षी योजना बदलली तर ती निमूटपणे स्वीकारणे, एवढे आपल्या वाट्याला येते. आपले बिल काढून दोन आकडे पाहा: एका वेळी किती जण जोडू शकतात आणि किती संगणक नोंदवता येतात. पुष्कळ पेढ्या गरजेपेक्षा मोठी योजना घेऊन बसलेल्या असतात. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी: या कंपन्यांची मोफत आवृत्ती फक्त खाजगी वापरासाठी असते. पेढीवर ती वापरणे परवान्याच्या विरुद्ध आहे, आणि व्यावसायिक वापराचा संशय आला की सॉफ्टवेअर काही मिनिटांत जोडणी तोडू लागते. नेमके सौद्याच्या दिवशी हे झाले तर काय होईल ते आपण जाणताच.

आता सीएंच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसे दिल्याने सुरक्षितता आपोआप येते का? फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने जाहीर केले की त्यांच्या मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती. त्यांनी प्रमाणपत्रे रद्द केली आणि वेबवरचे पासवर्ड बदलायला लावले. त्याच वर्षी जून महिन्यात टीमव्ह्यूअरने आपल्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाल्याचे सांगितले. ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत ती पोहोचली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हीएनसीच्या चार ओपन सोर्स रूपांत मिळून ३७ त्रुटी दाखवल्या, आणि त्यांतल्या काही कित्येक वर्षे तशाच पडून होत्या. कोड सर्वांना दिसतो याचा अर्थ तो कोणीतरी वाचलेलाच असतो असा होत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना ठपका आहे.

माझ्या मते या सगळ्यांत अधिक शिकवणारी घटना स्क्रीनकनेक्ट या विकतच्या सॉफ्टवेअरची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात अशी त्रुटी सापडली की पासवर्ड नसतानाही सर्व्हरचा ताबा मिळवता येत होता. तिच्या गांभीर्याला १० पैकी १० गुण दिले गेले. ज्यांचा सर्व्हर कंपनीच्या क्लाउडवर होता त्यांच्यासाठी दुरुस्ती कंपनीने करून टाकली. ज्यांनी तेच विकतचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवले होते, त्यांना दुरुस्ती स्वतः करावी लागली, आणि ज्यांनी दिरंगाई केली त्यांच्यावर थोड्याच दिवसांत हल्ले सुरू झाले. सॉफ्टवेअर एकच होते आणि दोघांनी पैसेही मोजले होते. फरक पडला तो सर्व्हरची दुरुस्ती कोणाच्या अंगावर होती त्याने. आपला पुतण्या उद्या पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेला, तर पेढीच्या सर्व्हरची दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न मी म्हणूनच वारंवार विचारतो.

रस्टडेस्कचा स्वतःचा सर्व्हर म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जवळून पाहू. त्याचे दोन भाग असतात: एक ओळख पटवून गाठ घालणारा आणि दुसरा रिले करणारा. भारतातल्या एखाद्या डेटा सेंटरमधला लहानसा लिनक्स व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर, त्याला पुरतो. पोर्ट लागतात ती २१११५, २१११६ आणि २१११७. यांतले २१११६ टीसीपी आणि यूडीपी अशा माहिती पाठवण्याच्या दोन्ही प्रकारांसाठी उघडावे लागते, आणि इथेच बहुतेक जण अडकतात, कारण यूडीपी विसरले की संगणक यादीत ऑफलाइन दिसत राहतात. ब्राउझरमधून वापरायचे नसेल तर २१११८ आणि २१११९ बंदच ठेवावीत. सर्व्हर पहिल्यांदा चालू झाला की ओळख पटवणाऱ्या डिजिटल चाव्यांची एक जोडी तयार होते. तिच्यातली सार्वजनिक चावी प्रत्येक संगणकावरच्या रस्टडेस्कच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासोबत भरायची, आणि खाजगी चावीची प्रत सर्व्हरच्या बाहेर सुरक्षित ठेवायची. ती हरवली आणि सर्व्हर नव्याने उभारावा लागला, तर अकराही संगणकांवर पुन्हा जावे लागेल. प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअर रीतसर इन्स्टॉल करावे; नुसती फाइल चालवली तर विंडोजने परवानगी मागणारा पडदा उघडल्यावर पलीकडच्या माणसाला काहीच करता येत नाही.

जोडणी झाल्यावर वरच्या पट्टीतून गुणवत्ता दाखवणारी चौकट चालू करावी. तीत वेग, फ्रेम आणि विलंब हे आकडे दिसतात. त्यांतला विलंब मिलिसेकंदांत असतो आणि तोच पाहण्यासारखा असतो. तासगाव आणि सांगली यांच्यात रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरचे अंतर असले, तरी रिले परदेशात असेल तर प्रत्येक कळ तिकडे जाऊन परत येते. माझ्या पाहण्यात हा आकडा दीडशेच्या वर राहू लागला की टाइप करणारा माणूस अस्वस्थ होतो, कळ लागली नाही असे समजून एंटर दोनदा दाबतो आणि व्हाउचरमध्ये भलत्या खात्यावर रक्कम जाते. सर्व्हर मुंबईत ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो, आणि स्वतःच्या सर्व्हरचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच आहे.

उणिवाही सांगतो. रस्टडेस्कच्या मोफत सर्व्हरमध्ये खाती, गट, कोणाला कोणता संगणक दिसावा याचे नियम आणि मध्यवर्ती नोंदवही नाही. ते हवे तर त्याच कंपनीची विकतची सर्व्हर आवृत्ती घ्यावी लागते. म्हणजे ‘ओपन सोर्स’ आणि ‘विकतचे’ ही विभागणी इथेही स्वच्छ उरत नाही. नोंदी आणि गट मोफत हवे असतील तर मेशसेंट्रल हे दुसरे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पाहावे. त्यात द्विस्तरीय पडताळणीही (पासवर्डखेरीज दुसरी खातरजमा) आहे, फक्त त्याचा पडदा नवख्या माणसाला बोजड वाटतो. अपाचे ग्वाकामोले ब्राउझरमधून आरडीपी आणि व्हीएनसी चालवते आणि मोठ्या कारखान्याला किंवा महाविद्यालयाला ते शोभते. अकरा संगणकांसाठी मी ते सुचवणार नाही.

इतके सगळे सांगून झाल्यावर आपल्या खऱ्या कामाकडे वळतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे आपण दोन वेगळी कामे एकाच सॉफ्टवेअरने करता आहात. एक काम दुरुस्तीचे: कुपवाडच्या संगणकाचा प्रिंटर अडला, कोणीतरी रिमोटवर घेऊन तो सोडवला. दुसरे काम रोजच्या नोंदींचे: शीतगृहातला कारकून दिवसभर टॅलीत बसतो. पहिल्यासाठी टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क यांची जातकुळी योग्य आहे. समोरच्याचा पडदा जसाच्या तसा दिसणे हेच तिथे हवे असते. दुसऱ्यासाठी ती अयोग्य आहे. पेढीवरचे दिवाणजी त्याच संगणकावर बसलेले असतात आणि शीतगृहातून कारकून त्याच पडद्यावर येतो. मग एकाने माउस हलवला की दुसऱ्याची नोंद बिघडते. हे आपल्याकडे होत असणारच.

या दुसऱ्या कामासाठी विंडोजमधला आरडीपी वापरावा, पण तीन अटींसह. पहिली, विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून आरडीपीने येता येत नाही, प्रो लागते. दुसरी, प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. बाहेरून कोणी आले की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो. एकाच यंत्रावर अनेकांना बसवायचे तर विंडोज सर्व्हर आणि माणशी रिमोट परवाने घ्यावे लागतात. ही मर्यादा फोडणारी जी फुकटची साधने फिरतात ती परवान्याविरुद्ध असून विंडोजच्या अपडेटनंतर कधीही बंद पडतात, त्यांच्या नादी लागू नये. आपल्याला सोपा मार्ग असा की पेढीवर कारकुनासाठी प्रो आवृत्तीचा एक साधा वेगळा संगणक ठेवावा; तो तासगावहून त्याच संगणकावर येईल आणि तिथून पेढीच्या लॅनवर (अंतर्गत नेटवर्कवर) टॅली उघडेल. त्यासाठी टॅलीचा गोल्ड परवाना हवा, सिल्व्हरवर एकच जण काम करू शकतो. शीतगृहातल्या संगणकावरून व्हीपीएनद्वारे (इंटरनेटमधून जाणाऱ्या खाजगी, सुरक्षित जोडणीने) थेट पेढीच्या डेटा फोल्डरला हात घालण्याचा मोह मात्र टाळावा. जोडणी मध्येच तुटली तर डेटा बिघडतो. आपल्याला स्वतःला घरून फक्त येणी, साठा आणि दिवसाची पुस्तके पाहायची असतील, तर टॅलीची टीएसएस वर्गणी चालू असताना अहवाल ब्राउझरमध्ये पाहता येतात, आणि मग आपल्यासाठी रिमोट डेस्कटॉपची गरजच उरत नाही.

तिसरी अट सर्वांत कडक आहे: आरडीपीचे ३३८९ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये, आणि क्रमांक बदलून उघडले तरी ते उघडलेलेच असते. २०१९ च्या मे महिन्यात आरडीपीतली ब्लूकीप नावाची त्रुटी इतकी गंभीर ठरली की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. आरडीपी वायरगार्ड या व्हीपीएनच्या आतून चालवावा. वायरगार्ड ओपन सोर्स आहे, २०२० पासून लिनक्सच्या मूळ कर्नेलचा (गाभ्याचा) भाग आहे आणि विंडोज व मोबाइल दोन्हींवर चालतो. त्याला एका टोकाला सार्वजनिक पत्ता लागतो. वर सांगितलेला व्हीपीएस घेतला असेल तर तोच इथेही उपयोगी पडतो आणि पेढीवर स्टॅटिक (कायमच्या) आयपीचा वेगळा खर्च करावा लागत नाही. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक यंत्राला वेगळी चावी द्यावी, म्हणजे कोणी नोकरी सोडली की फक्त त्याची चावी काढता येते.

मराठी टंकलेखनाचा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो येणार आहे. रस्टडेस्कमध्ये कीबोर्डच्या पद्धती निवडता येतात. मॅप पद्धतीत दाबलेल्या कळीची जागा पाठवली जाते आणि अक्षर पलीकडच्या संगणकावर ठरते. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांनी हीच ठेवावी आणि मराठी कीबोर्ड पलीकडच्या संगणकावर निवडावा. छपाईचेही आधीच तपासून घ्यावे. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) पेढीवरच्या डॉट मॅट्रिक्सवर निघणार की शीतगृहातल्या प्रिंटरवर, हे ठरवून नमुन्याची पट्टी काढून पाहावी. आरडीपी प्रिंटर सोबत घेऊन जातो, पण जुन्या डॉट मॅट्रिक्सची ओळींची मांडणी त्यात हमखास सरकते.

वीज जाण्याचा विचारही सॉफ्टवेअरइतकाच करावा. संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती सुरू करावी. नाहीतर रात्री वीज जाऊन आली की सकाळी कोणीतरी पेढी उघडेपर्यंत सगळे ठप्प असते. आणि रिमोट डेस्कटॉप म्हणजे बॅकअप नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा बंद पडलेल्या संगणकाला जोडून देणारे कोणतेही सॉफ्टवेअर कोणाच्या कामी आले नसते. टॅलीच्या बॅकअपची एक प्रत शहराबाहेर, निदान तासगावच्या शीतगृहात, नियमित जात राहिली पाहिजे.

फसवणुकीबद्दल आपल्या माणसांना आपण स्वतः बसवून सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा गैरवापर करून यूपीआय खात्यांतून पैसे काढले जात असल्याचा इशारा दिला होता. दोष त्या सॉफ्टवेअरचा नव्हता. बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्याला लोक स्वतःच कोड वाचून दाखवत होते. रस्टडेस्कनेही हेच करता येते. पेढीवरच्या कोणीही, कोणाच्याही फोनवरून, रिमोटचा क्रमांक किंवा कोड सांगू नये. घात झालाच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. घुसखोरीची घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावी आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे २०२२ चे निर्देशही आहेत, म्हणून नोंदी ठेवणारी व्यवस्था ही चैन समजू नये.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे. रोजचे टॅलीचे काम रिमोट सॉफ्टवेअरवरून काढून वायरगार्डच्या आतल्या आरडीपीवर न्यावे. हे कोणत्याही परिस्थितीत करावे. दुरुस्तीच्या कामासाठी स्वतःच्या सर्व्हरवरचे रस्टडेस्क आपल्याला पुरेसे आहे, पण एका अटीवर: आपल्या संगणकांची वार्षिक देखभाल करणारा जो तंत्रज्ञ आहे त्याच्या करारात व्हीपीएसचे अपडेट, चाव्यांची प्रत आणि माणूस बदलल्यावर प्रवेश बंद करणे ही कामे लेखी यावीत, आणि त्याचा मोबदला त्याला वेगळा मिळावा. सर्व्हरचा पासवर्ड आणि खाजगी चावीची प्रत मात्र त्याच्याकडेच न राहता आपल्या तिजोरीतही असावी. असा माणूस मिळत नसेल, तर पुतण्याच्या उत्साहावर पेढी उभी करू नये. विकतचे सॉफ्टवेअर चालू ठेवावे. टॅलीचे काम त्यातून निघाल्यावर एका वेळी एकाच जोडणीची लहान योजना आपल्याला पुरेल, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि अनोळखी क्रमांकावरून येणाऱ्या जोडण्या बंद ठेवाव्यात.

बदल हंगामात करू नये. पुढच्या दोन महिन्यांत आधी कुपवाडच्या दोन संगणकांवर नवी व्यवस्था चालवावी, मग शीतगृहावर, आणि पेढीवर सर्वांत शेवटी. तोवर जुने सॉफ्टवेअर काढू नये, पण नवे स्थिरावल्यावर ते अकराही संगणकांवरून आठवणीने काढावे, कारण विसरलेले जुने रिमोट हा उघडा राहिलेला दरवाजाच असतो. आणि आजच एक काम करावे: सध्याच्या वर्गणीचा करार काढून ती आपोआप नूतनीकरण होते का आणि बंद करायची असल्यास किती दिवस आधी कळवावे लागते, ते वाचावे. बऱ्याच करारांत ही मुदत नूतनीकरणाच्या तारखेच्या कितीतरी आधी संपते.